ज्याला सांगतां येत नाहीं, त्याचें जेवण

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें गांव आहे. संत नामदेवांचें जन्मगांव म्हणून परंपरा त्यास मान देते, आणि त्यांच्याच नांवावरून त्यास आज नरसी नामदेव म्हणतात. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला. तोंपर्यंत हा भाग परभणी जिल्ह्यांत मोडत असे. नामदेवांच्या बाळपणाची एक कथा इकडील लहान मूल देखील जाणतें. बाप गांवीं नव्हता म्हणून नैवेद्याचें दूध घेऊन मुलगा देवळांत गेला, आणि देव दूध पीत नाहीं हें पाहून तेथेंच हट्ट धरून बसला. प्रसंग पंढरपुरचा सांगतात. कथेच्या खरेखोटेपणाचा वाद घालण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस तींतली एकच गोष्ट येथें हवी आहे. तो मुलगा वाटी ठेवून निघून गेला नाहीं. समोरच्यानें घेतलें कीं नाहीं हें पाहण्यास तो बसून राहिला.

समोरचा बोलत नसला म्हणजे असें बसून राहणें किती कठिण असतें, हें कित्येक घरांतील आयांस ठाऊक आहे. ज्यांस पूर्वीं लोक 'मंद' अथवा 'खुळा' म्हणत, आणि ज्यांच्या स्थितीस आतां बौद्धिक अक्षमता असें म्हणतात, अशा माणसांचें जेवण हा आजच्या पाठाचा विषय आहे; आणि त्यांतहि ज्यांस गिळतां येत नाहीं म्हणून नळीनें अन्न द्यावें लागतें, त्यांचें.

समजा, नरसीस एका शेतकऱ्याच्या घरीं सोळा वर्षांचा मुलगा आहे. जन्मतांच तो रडला नाहीं, आणि त्या थोड्या वेळांत मेंदूस प्राणवायु न मिळाल्यानें त्याचें अंग ताठ राहिलें. मान सांवरत नाहीं, बोलणें आलें नाहीं, समज दोन-तीन वर्षांच्या लेकराएवढी आहे, अधूनमधून फेंफरें येतें. रानांत हळदीचें काम असो कीं सोयाबीनची काढणी असो, आई त्यास दोन्ही वेळां मांडीवर आडवा घेऊन वरणभात भरविते. एका जेवणास तासभर लागतो. अर्धा घास बाहेर येतो, कधीं ठसका लागतो, कधीं डोळ्यांत पाणी येतें. दर पावसाळ्यांत त्याची छाती भरते, ताप येतो, हिंगोलीस न्यावें लागतें. बरा होऊन येतो तो मागच्यापेक्षां थोडा अधिक वाळलेला असतो. शेजारी म्हणतात, "अशीं लेकरें अशींच असतात." हा मुलगा आम्हीं कल्पिलेला आहे, पण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्यास कोठेंतरी पाहिलें असेल.

अशीं लेकरें अशींच नसतात. छाती भरण्यास कारण असतें. घशांत दोन वाटा लागून आहेत, पुढची श्वासाची आणि मागची अन्नाची. आपण गिळतों तेव्हां श्वासाची वाट क्षणभर मिटते. मेंदूच्या ज्या दुखण्यानें हातपाय चालत नाहींत, त्याच दुखण्यानें हें मिटणेंहि वेळेवर होत नाहीं, आणि वरणाचा थेंब फुप्फुसांत उतरतो. ठसका लागला तर कळतें तरी. पण कित्येकांस ठसकाहि लागत नाहीं. अन्न गुपचूप चुकीच्या वाटेनें जातें, आणि मग ताप येतो तेव्हां त्याचा संबंध जेवणाशीं कोणी लावीत नाहीं. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या मृत्यूंत छातीच्या विकारांचा वांटा मोठा आहे, आणि त्यामागें पुष्कळदां हेंच कारण असतें.

म्हणून नळीचा विचार करण्याआधीं मांडीवर आडवें घेऊन भरविणें सोडावें. मुलास ताठ बसवावें, हनुवटी किंचित खालीं असावी, चमचा लहान असावा, आणि एक घास गिळला हें गळ्याकडे पाहून खात्री झाल्यावांचून दुसरा देऊं नये. पातळ पाण्यापेक्षां जरा घट्ट पदार्थ बहुधा सांवरतां येतो. पाणी घशांत फार वेगानें धांवतें. किती घट्ट, हें गिळण्याच्या दोषांचे जाणकार, म्हणजे वाचा-उपचार करणारे, पाहून सांगतात. कित्येकांचें काम एवढ्यावरच भागतें. परंतु वजन घटतच चाललें, वरचेवर छाती भरूं लागली, दिवसाचें पाणी पोटांत जाईनासें झालें, तर डॉक्टर नळी सुचवितात. भरविण्यास वेळ लागतो, रानांत जावयाचें असतें, म्हणून नळी घाला, हें कारण पुरेसें नव्हे. आणि नळी लागली म्हणजे आतां सर्व संपलें, हेंहि खरें नव्हे. ज्याच्या अंगांत ती घालावयाची, त्यासहि त्याला समजेल तसें सांगावें. बाहुलीच्या नाकास दोरा चिकटवून दाखविला, तर पुष्कळ मुलांचें अर्धें भय जातें. आमच्या मतें हें न करितां चार माणसांनीं धरून नळी घालणें हा अन्याय आहे, मग हेतु कितीहि चांगला असो.

नळीची युक्ति नवी नाहीं. जॉन हंटर नांवाच्या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें १७९० च्या सुमारास, गिळण्याची शक्ति गेलेल्या एका रोग्यास वाम माशाच्या कातड्याच्या नळीनें अन्न पोंचविलें होतें. नाकांतून घालावयाच्या बारीक नळीस दवाखान्यांत 'राइल्स ट्यूब' म्हणतात. जॉन राइल ह्या डॉक्टरानें १९२१ सालीं तिचें वर्णन केलें, त्यावरून तें नांव पडलें. पोटावर लहानसें छिद्र पाडून तेथून सरळ जठरांत नळी बसविण्यास पूर्वीं मोठी शस्त्रक्रिया लागे. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें गॉडरर व पॉन्स्की ह्यांनीं १९७९ सालीं दुर्बिणीच्या साह्यानें, पोट न उघडतां ती बसविली, आणि त्यांचा पहिला रोगी एक तान्हें बाळ होतें. नाकाची नळी थोड्या आठवड्यांपुरती बरी. त्याहून अधिक काळ लागणार असेल, तर पोटाची नळी सोयीची व कमी त्रासाची.

नाकाच्या नळीचें सर्वांत मोठें भय हें कीं, ती जठराऐवजीं फुप्फुसाच्या वाटेस गेलेली असावी आणि तिच्यांतून आपण अन्न ओतावें. म्हणून ती घालण्याचें काम शिकलेल्या माणसाचेंच आहे. आणि पहिल्यानें घातल्यावर ती जठरांतच आहे, अशी परीक्षेनें अथवा क्ष-किरणांच्या छायाचित्रानें खात्री होईपर्यंत तिच्यांतून कांहींहि देऊं नये. घरीं आल्यावर प्रत्येक जेवणाच्या आधीं ती जागेवर आहे कीं नाहीं हें पाहणें घरच्यांकडे येतें. नाकपुडीजवळ नळीवर शाईची खूण असते. ती सरकली आहे काय? तोंड उघडून पाहावें. घशांत नळीचें वेटोळें तर झालें नाहीं? मग पिचकारीनें, म्हणजे सिरिंजनें, हलकेंच थोडा रस ओढावा आणि आम्लता दाखविणाऱ्या कागदी पट्टीवर त्याचा थेंब सोडावा. पट्टीचा अंक ५.५ अथवा त्याहून कमी आला, तर नळी जठरांत आहे असें धरतात. रस आलाच नाहीं, तर मुलास डाव्या कुशीवर करून पंधरा-वीस मिनिटांनीं पुनः पाहावें. आम्ल कमी करण्याचें औषध चालू असल्यास अंक वर जातो. अशा वेळीं काय करावें हें दवाखान्यांतून आधींच विचारून ठेवावें. नळींतून हवा मारून पोटावर कान लावणें, अथवा नळीचें टोंक पाण्यांत धरून बुडबुडे पाहणें, ह्या रीती पुष्कळ ठिकाणीं अजून चालतात. त्यांवर विसंबूं नये. चुकीच्या जागीं गेलेल्या नळीचा आवाजहि तसाच ऐकूं येतो. शंका असेल तर अन्न देऊं नये. एका जेवणाच्या उपासापेक्षां फुप्फुसांत गेलेलें एक पिचकारीभर दूध अधिक घातक असतें.

आतां बसविण्याविषयीं. ह्यांत जेवढी चूक होते तेवढी दुसऱ्या कशांत होत नाहीं. अन्न नळीनें जातें, तर मग निजलेला असला तरी काय झालें, असें लोकांस वाटतें. पण पोटांतलें अन्न उलटून घशाशीं येतें आणि तेथून फुप्फुसांत जातें. नळी ह्यास आळा घालीत नाहीं. ह्यासाठीं पाठ निदान ३० अंश, आणि शक्य असेल तर ४५ अंश, उचललेली असावी. अंश कसे मोजावे म्हणाल, तर सोपी रीत आहे. कमरेपासून डोक्यापर्यंतच्या लांबीच्या निम्म्याइतकें डोकें बिछान्यापासून वर गेलें, म्हणजे ३० अंश झाले. उशा नुसत्या मानेखालीं घालूं नयेत. त्यानें मान मोडते आणि पोट दुमडतें. कमरेपासून पाठ उचलली पाहिजे. भिंतीशीं टेकवून, दोन्ही बाजूंस घोंगड्यांच्या गुंडाळ्या लावून बसविलें तरी चालेल. जेवण चालू असतां आणि संपल्यावर आणखी अर्धा ते एक तास असेंच ठेवावें. जेवण होतांच कपडे बदलण्यास आडवें करणें, अथवा अंग पुसण्यास कुशीवर वळविणें, हीं कामें आधींच उरकून घ्यावींत.

हात साबणानें धुवावे. उकळून निवविलेलें पाणी आधीं थोडें नळींतून जाऊं द्यावें. मोठ्या माणसास सुमारें ३० मिलिलिटर, मुलास डॉक्टर सांगतील तेवढें. मग पिचकारीचा दट्ट्या काढून ती नळीस जोडावी, पोटाच्या वर वीतभर ते हातभर उंच धरावी, आणि अन्न आपल्या भारानें उतरूं द्यावें. वेग कमी करावयाचा तर पिचकारी खालीं आणावी, वाढवावयाचा तर वर न्यावी. दट्ट्या दाबून अन्न रेटूं नये. वीस ते तीस मिनिटें लागतात, तेवढीं लागूं द्यावींत. तासभर चालणारें जेवण अर्ध्या तासावर आलें, तेंहि पांच मिनिटांत उरकावें असा मोह होतो. पण फुगलेलें पोट, ओकारी, घाम आणि जुलाब हें त्या घाईचें मोल असतें. शेवटीं पुनः पाणी सोडून नळी धुवून काढावी, नाहीं तर पेज आंत वाळून ती बंद होते. बंद झाल्यास कोमट पाणी पिचकारीनें हलकेंच आंत-बाहेर करावें. तार, काडी अथवा सुई कधींहि घालूं नये, आणि जोरहि करूं नये.

अन्न कोणतें? विकतची पूड महाग पडते, म्हणून घरचें अन्न वाटून गाळून देण्याची रीत आमच्याकडे पुष्कळ आहे, आणि आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानें ती चालतेहि. पण येथें एक फसगत होते. नळी बारीक, म्हणून पेज पातळ करावी लागते. पातळ केली कीं पोट भरतें, अंग भरत नाहीं. तांदळाच्या निवळीवर मूल महिनोन्महिने राहतें आणि हाडें वर येतात. वरण, दूध, तेल अथवा तूप, नाचणीचें सत्त्व ह्यांचें प्रमाण लिहून घ्यावें आणि महिन्याकाठीं वजन करावें. अंगणवाडींत अथवा उपकेंद्रांत वजनकांटा असतो. मूल उभें राहत नसेल, तर आईनें त्यास घेऊन उभें राहावें आणि मग आपलें वजन वजा करावें. उन्हाळ्यांत मराठवाड्यांतील ऊन काय असतें हें सांगणें नको. सकाळीं केलेलें अन्न संध्याकाळीं देऊं नये. प्रत्येक वेळीं ताजें करावें व उरलें तें टाकावें. पाण्याचा हिशेब निराळा ठेवावा. ज्यास तहान लागली म्हणून सांगतां येत नाहीं, तो उन्हाळ्यांत मुकाट्यानें सुकतो. लघवी पिवळी व थोडी झाली, जीभ कोरडी दिसली, तर पाणी कमी पडत आहे. शौचास दोन-तीन दिवस झालें नाहीं, तरी तेंच पाहावें.

औषधें अन्नांत मिसळूं नयेत. तीं एकेक करून, मध्यें पाणी सोडून द्यावींत. गोळी कुटण्याआधीं विचारावें. कांहीं गोळ्या पोटांत हळूहळू विरघळाव्या म्हणून केलेल्या असतात, त्या कुटल्यास दिवसभराचें औषध एकदम अंगांत उतरतें. फेंफऱ्यावरील फेनिटोइन हें औषध अन्नाबरोबर दिल्यास नीट लागूं पडत नाहीं, म्हणून त्याच्या आधीं व नंतर अन्न किती वेळ थांबवावें हें डॉक्टरांस विचारून ठेवावें. आणि हेंहि ध्यानांत असावें कीं, नळी निसटली म्हणजे अन्नच नव्हे, तर हें औषधहि बंद पडतें. उपास एक दिवस सोसतो, फेंफऱ्याचें औषध चुकलेलें सोसत नाहीं.

पोटावरील नळीचें काम अधिक सोपें. छिद्राभोंवतींची त्वचा रोज साबण-पाण्यानें धुवून कोरडी करावी. जखम भरल्यावर नळी दररोज हलकेंच एकदां फिरवावी, म्हणजे ती मांसांत रुतत नाहीं. पण कांहीं नळ्या फिरवावयाच्या नसतात, म्हणून आपली कोणती हें आधीं विचारावें. हळद, राख अथवा तेल तेथें लावूं नये. आमच्या भागांत हळद घरची असते आणि जखमेवर तिची चिमूट टाकण्यास हात आपोआप जातो. येथें तो आवरावा. नळी बसविल्यापासून पहिल्या तीन दिवसांत अन्न देतांना कळ आली, रक्त दिसलें अथवा बाजूनें पाझरूं लागलें, तर अन्न तत्काळ थांबवून दवाखाना गांठावा. नळी बाहेर आलीच, तर छिद्र कांहीं तासांतच आकसूं लागतें. रात्र आहे, सकाळीं पाहूं, असें म्हणूं नये. स्वच्छ फडकें ठेवून, पडलेली नळी बरोबर घेऊन त्याच वेळीं निघावें. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. नवी असतां निसटलेली नळी घरीं परत खुपसूं नये.

ज्याच्या तोंडांत अन्न जात नाहीं, त्याचे दांत कशाला घांसावयाचे, असेंहि विचारतात. उलट त्याचेच अधिक घांसले पाहिजेत. चावणें नाहीं म्हणून तोंड आपोआप स्वच्छ होत नाहीं, लाळेंत जंतु वाढतात आणि ती लाळ फुप्फुसांत उतरते. दिवसांतून दोनदां, मुलास बसवून, मान किंचित पुढें करून, मऊ ब्रशानें दांत, हिरड्या व जीभ घांसावी. फेस व पाणी फडक्यानें टिपून घ्यावें.

येथवर जें सांगितलें तें शिकलेली परिचारिका दोन दिवसांत दाखवूं शकते. ह्यापुढील गोष्ट दाखवितां येत नाहीं. ती घरच्यांनींच शिकावी लागते. बोलतां येणाऱ्या माणसाच्या नळींत कांहीं बिघडलें, तर तो म्हणतो, पोटांत दुखतें, मळमळतें, थांबा. आमचा मुलगा काय करील? तो कदाचित् डोकें भिंतीवर आपटील. कदाचित् हात चावील. कदाचित् अगदीं गप्प होईल, आणि घरचे म्हणतील, आज बरा शांत आहे. 'त्याचा स्वभावच तसा' हें वाक्य अशा माणसांच्या घरांत, आणि दवाखान्यांतहि, फार ऐकूं येतें. आमच्या मतें त्याच्याइतकें घातक वाक्य दुसरें नाहीं. स्वभाव मंगळवारीं दुपारीं एकाएकीं बदलत नाहीं. कालपर्यंत जो पिचकारी पाहून हंसत असे तो आज तोंड फिरवितो, तर कांहीं झालें आहे.

मुंबईस के.ई.एम. इस्पितळांत अरुणा शानभाग ह्या परिचारिकेची जी शुश्रूषा झाली, तिची येथें आठवण होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच इस्पितळांत त्यांच्यावर अमानुष हल्ला होऊन मेंदूस कायमची इजा झाली, आणि १८ मे २०१५ रोजीं न्यूमोनियानें मृत्यु येईपर्यंत तेथील परिचारिकांनीं त्यांस सांभाळिलें. त्यांची स्थिति आमच्या मुलासारखी जन्माची नव्हती. पण बोलतां न येणाऱ्यास वर्षानुवर्षें भरविणें काय असतें, तें महाराष्ट्रानें त्यांच्या खोलीमुळें जाणलें. २०१० च्या सप्टेंबरांतील तापापर्यंत त्या तोंडानें मऊ अन्न घेत असत. पुढें बहुतेक अन्न नाकाच्या नळीनें द्यावें लागलें. सर्वोच्च न्यायालयापुढें त्यांचें प्रकरण चाललें, त्याचा निकाल ७ मार्च २०११ रोजीं लागला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगास शय्याव्रण झालें नाहीं, आणि त्यांच्या आवाजावरून त्यांस कशाची गरज आहे हें परिचारिका ओळखतात, असें इस्पितळाच्या प्रमुखांनीं त्या वेळीं न्यायालयास कळविलें होतें. त्या आवाजांचा अर्थ कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेला नव्हता. रोज जवळ बसणाऱ्यांनीं तो ऐकून ऐकून बसविला.

तसा कोश प्रत्येक घरानें करावा. एक वही घ्यावी. त्यांत आपलें मूल बरें असतां कसें दिसतें तें आधीं लिहावें: झोंप किती, आवाज कोणते, हात कोठें असतात, कशानें हंसतें. मग दुखत असतां काय करतें तें लिहावें. कपाळास आठी, दांत खाणें, पोटाशीं पाय ओढणें, घाम, ओठ काळेनिळे पडणें, श्वासाचा घरघर आवाज, रडण्याचा निराळा सूर, हीं पाहण्याजोगीं लक्षणें. पण प्रत्येकाचीं निराळीं. अन्न चालू असतां खोकला, धाप अथवा निळेपणा दिसला, तर तत्काळ अन्न थांबवून, मुलास बसतें ठेवून, गाडी बोलवावी. बाकीचीं लक्षणें वेळेसह वहींत लिहावींत. आई लिहूं शकत नसेल, तर शाळेंत जाणाऱ्या बहिणीनें लिहावें. चार दिवसांच्या नोंदी एका खालीं एक वाचल्या म्हणजे, दुपारच्या जेवणानंतरच तो हात चावतो, असें कांहीं दिसूं लागतें, आणि डॉक्टरांस तेवढा धागा पुरतो.

नळी ओढून काढूं नये म्हणून मुलाचे हात खाटेस बांधलेले आम्हीं ऐकिले आहेत. हें करूं नये. तो नळी कां ओढतो? चिकटपट्टीखालीं कंड सुटली असेल, नाकपुडी सोलली असेल, पोट तडस लागून दुखत असेल, अथवा दिवसभर हातास दुसरें कामच नसेल. कारण काढावें. पट्टीची जागा रोज बदलावी, नळी कानामागून पाठीकडे न्यावी, पोटाची नळी सदऱ्याखालीं मऊ पट्ट्यानें झांकावी, आणि हातांत खुळखुळा, दोरीची गांठ, कापडाचा चेंडू असें कांहीं द्यावें.

उपदेशक बंधूंस व घरोघर जाणाऱ्या भगिनींस आमचें एक मागणें आहे. अशा घरीं गेलां, तर प्रथम मुलाशीं बोला, मग त्याच्याविषयीं बोला. त्यास कळत नाहीं असें धरून त्याच्यासमोर त्याच्या मरणाची चर्चा करूं नका. उत्तर देतां न येणें आणि न कळणें ह्या दोन गोष्टी आहेत. आणि प्रेमानें त्याच्या तोंडांत कांहीं घालूं नका. नरसीस एकादशीस भाविकांची गर्दी होते. घरीं आलेला प्रत्येक पाहुणा लेकरास प्रसादाचा घास देऊं पाहतो. नाताळांत आमच्या घरांतहि करंजीचा तुकडा असाच पुढें येतो. त्या एका तुकड्यानें मूल दगावूं शकतें. डॉक्टरांनीं परवानगी दिली असेल, तर आईनें बोटाच्या टोंकावर मधाचा अथवा वरणाचा ठिपका घेऊन त्याच्या जिभेस लावावा. तेवढें त्यास पुरतें, पण तें ठरवावें घरच्यांनीं.

नळी आली म्हणून ताट गेलें, असें मात्र होऊं देऊं नये. पुष्कळ घरांत नळीचें अन्न आडोशाला, सर्वांच्या आधीं, काम उरकावें तसें देतात. त्याचें जेवण पंगतीच्या वेळींच असावें. चुलीवर भाकरी फुगते तो वास त्यास येतो, भावंडें भांडतात तें त्यास ऐकूं येतें. 'आज दोडक्याची भाजी आहे बरें का' असें त्यास सांगून पिचकारी धरणाऱ्या हातास कांहीं अधिक कष्ट पडत नाहींत.

सरकारी साह्याविषयीं थोडक्यांत. अठरा वर्षांखालील मुलांची तपासणी व पुढील उपचार ह्यांसाठीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, आशाताईंस विचारावें. १९९९ च्या कायद्यानें झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेंत मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांस एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य-विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील ओळखपत्र आधीं काढून घ्यावें.

शेवटीं, दवाखान्यांत जावें लागेल तेव्हां आई बरोबर असेलच असें नाहीं. म्हणून दाराजवळच्या खुंटीस एका पिशवींत एक जाड कागद टांगून ठेवावा. त्यावर नळीची जात व क्रमांक, बसविल्याची तारीख, नाकपुडीजवळच्या खुणेचा अंक, अन्न किती व केव्हां, औषधें कोणतीं, तीं कशीं द्यावयाचीं, आणि कोणत्या औषधानें अंगावर उठतें हें लिहावें. त्याखालीं दुखूं लागलें कीं तो काय करतो, घाबरला म्हणजे कशानें शांत होतो, कोणत्या कुशीवर झोंपतो, तें लिहावें. आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, घरांत त्यास कोणत्या नांवानें हांक मारतात तें.